बावीस मिलिमीटर

“चाकं बदलायची नाहीत,” डॉक्टर इंगवले म्हणाले. “बाकी तुला काय करायचं ते कर. चाकं हीच राहणार.”

मी त्यांच्या अंगणात, जुन्या हेरल्ड गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसलो होतो. चाक काढून ड्रम उघडला होता आणि ब्रेकचे लायनर हातात घेऊन बघत होतो. करपलेल्या भाकरीसारखे काळे पडले होते.

“हे कुठं झालं?”

डॉक्टरांनी आधी व्हरांड्याकडे बघितलं. तिथं काकू खुर्चीत बसून लसूण सोलत होत्या. मग ते हळू आवाजात म्हणाले, “आंबोलीचा घाट उतरताना. तीन वर्षं झाली. शेवटच्या दोन वळणांना पेडल पार तळाला गेलं. गिअरवर उतरवली कशीबशी. हिला कळू दिलं नाही.”

“आणि आता परत तोच घाट उतरायचाय?”

“पुढच्या बुधवारी. सावंतवाडीला हिची थोरली बहीण आहे, जिजी. तिला ऐंशी पूर्ण होतायत. ऐंशी दिव्यांनी ओवाळणार आहेत. हिनं येते म्हणून कबूल केलंय.”

“मग सुमो करा की भाड्यानं. झोपून जावा.”

“हीच गाडी,” डॉक्टर म्हणाले. “ह्याच चाकांवर. आणि ब्रेक असे पाहिजेत, की घाटात मला देव आठवता कामा नये.”

ही सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं ब्रेकच्या कामाचं दुकान होतं आणि आपल्यासारखा ब्रेकवाला पुण्यापर्यंत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. डॉक्टर जनावरांचे. तीस वर्षं ह्याच दुधी रंगाच्या बुटक्या गाडीतून ते पन्हाळा-करवीरची खेडी फिरले. मागच्या सीटवर कधी औषधांची पेटी, कधी आजारी वासरू. निवृत्त झाल्यावर माणसं जुन्या वस्तूंवर जरा जास्तच जीव टाकतात, तसलंच हे असणार असं मला वाटलं. मूळ चाकं, मूळ रंग, मूळ काच. हौशी लोकांचा हा हट्ट मी पुष्कळ बघितला होता.

“ड्रमच्या जागी डिस्क बसवतो,” मी म्हणालो. “ड्रम म्हणजे बंद डबा. तापला की ब्रेक मऊ पडतो. डिस्क म्हणजे उघडी तबकडी. वारा लागतो, थंड राहते. तिला कॅलिपर चिमट्यासारखा धरतो. पण डॉक्टर, तुमची चाकं तेरा इंची. चांगली मोठी डिस्क घातली तर कॅलिपर चाकाला आतनं घासणार. चौदा इंची चाकं टाकली तर...”

“सर्जेराव.”

“मनात आलं ते बोललो.”

“मनात ठेव.”

मी हसलो आणि जॅक सरकवायला जागा करायला लागलो. पायरीजवळ एक फळी कडेवर उभी करून दोन विटांमध्ये अडकवली होती. तिच्यामागं भिंतीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, एकीवर एक, आणि प्रत्येकीपुढं बारीक अक्षरात तारीख. जनावरांच्या डॉक्टरचं घर. एखाद्या लंगड्या पिलाला अडवायला ठेवली असेल, असं म्हणून मी ती पायानं सारली.

“ती हलवू नकोस बाबा,” काकू खुर्चीतूनच म्हणाल्या. “होती तशी ठेव.”

मी फळी परत ठेवली. एवढं मी बोलत होतो, पण बाई जागची उठली नाही, चहाला विचारलं तेही बसूनच. मोठ्या घरची माणसं, मी मनात म्हणालो.

आता माझी चूक सांगतो. गाडी दुकानात यायच्या आधीच मी डिस्क आणून ठेवली होती. एका मोठ्या गाडीची, जाड, दोन्ही हातांनी उचलावी लागेल अशी. तिचे कॅलिपर तर नुसते बघत राहावेत. ती जोडी मी अख्ख्या उद्यमनगराला दाखवली होती. इंगवले डॉक्टरांची हेरल्ड आता घाटात जागच्या जागी उभी राहणार, असं चहाच्या गाड्यावरसुद्धा सांगून झालं होतं. गाडी मोजायच्या आधी मी बढाई मारून बसलो होतो.

आमच्या वस्तादांची एक रीत होती. कॅलिपर आणि चाक यांच्यामध्ये किती जागा उरते ते डोळ्यांना दिसत नाही, पट्टी आत जात नाही. म्हणून कणकेच्या गोळ्या करून कॅलिपरला चिकटवायच्या, चाक बसवायचं, हातानं एक फेरा द्यायचा आणि चाक काढायचं. गोळी चेपून जेवढी जाड उरली तेवढी जागा. तीन मिलिमीटर हवीच. त्याहून कमी असेल तर रस्त्यावर चाक जरा लवलं तरी लोखंडाला लोखंड लागतं. मी घरून डब्यातून कणीक आणली, गोळ्या लावल्या, चाक बसवलं. फेरा अर्धाच झाला. कणीक निघाली ती पापडाहून पातळ, आणि मध्ये भोक.

शेजारी पीरभाईंचं लेथचं दुकान होतं. साठीचे गृहस्थ. माझ्या वडलांच्या वेळचे, त्यामुळे मला काहीही बोलायचा त्यांना हक्क होता. ते हात पुसत येऊन उभे राहिले.

“कॅलिपर घासून बारीक करू काय?” मी विचारलं.

“कर की. आणि मग घाटात तडकला म्हंजे डॉक्टरला वर जाऊन सांग, घासून बारीक केला हुता म्हणून.”

“मग?”

“बारकी डिस्क बघ.”

“बारकी म्हणजे मारुतीची? ती टीचभर तबकडी? बकरीचा कासरा बैलाला लावल्यासारखं होईल.”

मी दोन दिवस त्या चाकाकडे बघत बसलो आणि तिसऱ्या दिवशी जे करायचं नाही तेच केलं. चौदा इंची चार चाकं आणली. तोच दुधी रंग मारून घेतला. जुन्या चाकांच्या मधल्या चकचकीत टोप्या नव्या चाकांवर बसत नव्हत्या, तर आतून पट्ट्या वाकवून बसवल्या. टायर थोडे जाड घातले, म्हणजे दिसायला भरीव. डिस्क आत मजेत मावली. कणीक चांगली चार मिलिमीटर आली.

पीरभाई चाकांभोवती एक चक्कर मारून आले.

“डॉक्टर काय म्हणाले हुते?”

“चाकं बदलू नको.”

“आणि तू काय करालायस?”

“त्यांना कळणार पण नाही, पीरभाई.”

“कळणार न्हाई म्हणूनच इचारतोय,” असं म्हणून ते आपल्या लेथकडे गेले.

रविवारी सकाळी डॉक्टर गाडी न्यायला आले. मी त्यांना जोतिबाच्या घाटात घेऊन गेलो. उतारावर साठच्या वेगात ब्रेक दाबायला लावला. गाडी सरळ रेषेत उभी राहिली, पेडल दगडासारखं घट्ट. पुन्हा दाबला, पुन्हा तसंच. डॉक्टरांनी स्टेअरिंगवर हात ठेवून लांब श्वास सोडला.

“सर्जेराव, काम केलंस बाबा.”

“तुम्ही नुसतं बघा.”

“स्टेअरिंग जरा जड लागतंय.”

“टायर नवे आहेत. पळाले की हलके होतील.”

टायर नवे होते, हे खरंच होतं. अर्धं खरं बोलायला मला कधी अडचण आली नाही.

घरी पोचलो तर काकू व्हरांड्यात तयार होऊन बसलेल्या. घरातलंच लुगडं, पण केस नीट विंचरलेले, केसांत अबोलीची चार फुलं. डॉक्टर मला म्हणाले, “थांब, चहा घेऊन जा.” मग काकूंना म्हणाले, “ब्रेक झकास झालेत. बघतेस बसून?”

“बघते की,” काकू म्हणाल्या.

त्या उठल्या, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा उभं बघितलं. उजवा हात अंगाशी धरलेला. डाव्या हातात काठी. उजवा पाय उचलून टाकत नव्हत्या, ओढत आणत होत्या. व्हरांड्याच्या दोन पायऱ्या उतरायला त्यांना इतका वेळ लागला, की मला कुठं बघावं कळेना. डॉक्टर शेजारून चालत होते, पण हात लावत नव्हते. हात पुढे येत होता आणि परत जात होता.

डॉक्टरांनी डाव्या बाजूचं दार उघडलं. काकूंनी काठी गाडीला टेकवली. डाव्या हातानं दाराची वरची कड घट्ट धरली. डाव्या पायावर भार घेतला. मग उजवा पाय उचलला. तो हळूहळू वर आला, थरथरत, आणि दाराखालच्या पट्टीवर आदळला. टक् असा आवाज झाला.

काकूंनी पाय खाली घेतला. परत उचलला. टक्.

तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून उचलला. वहाणेचं टोक पट्टीच्या वरच्या कडेला लागून घसरलं. अगदी थोडक्यात. बोटभर.

“सकाळी फळीवरनं गेला होता,” काकू डॉक्टरांना म्हणाल्या. “तीनदा गेला होता. तुम्ही बघितलंत.”

“बघितलं ना. दमलीस तू. संध्याकाळी बघू.”

“काल पण गेला होता.”

“सुमित्रा, बस जरा.”

मी त्या फळीकडे बघितलं. मग गाडीच्या दाराखालच्या पट्टीकडे. मग भिंतीवरच्या रेघांकडे. फळीची उंची ही हेरल्डच्या दाराची उंची होती. रेघा म्हणजे पाय किती वर आला त्याची खूण. तळाची रेघ जमिनीपासून चार बोटांवर होती आणि तिच्यापुढं गेल्या वर्षीची तारीख. वरची रेघ फळीच्या जरासं वर, तिला तीनच आठवडे झाले होते.

काकू डावा पाय आधी टाकत पायऱ्या चढल्या आणि परत खुर्चीत जाऊन बसल्या. त्यांचा आवाज साधा होता. “जिजीला फोन करा. म्हणावं, जमत नाही. पावसापाण्याचं काहीतरी सांगा.”

“मार्च महिन्यात पावसापाण्याचं?”

“मग तुमचं काहीतरी दुखतंय म्हणून सांगा. माझं नको.”

“मी उचलून बसवीन तुला. त्यात काय.”

“आणि तिथं उतरवणार पण उचलून? जिजीच्या दारात? सगळा गाव बघत असताना?” त्या म्हणाल्या. “तिला मी पाय जरा दुखतो एवढंच सांगितलंय. अर्धांग झालं म्हणून नाही सांगितलं. ऐंशी वर्षांच्या बाईनं ओवाळून घ्यायच्या दिवशी माझ्यासाठी रडत बसायचं काय? करा फोन.”

डॉक्टर आत गेले. फोनची तबकडी फिरवल्याचा आवाज बाहेर येत होता. 

मी अंगणात तसाच उभा होतो. गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. त्या घरच्या दोन्ही माणसांनी चूक पायाचीच धरली होती. चाकांवर टोप्या जुन्याच होत्या. डॉक्टरांनी मला शाबासकी दिली होती. मी चहा पिऊन घरी जाऊ शकत होतो, आणि ती बाई उरलेला जन्म समजून चालली असती की आपला पाय परत मागे गेला. एवढं मनात आलं आणि मला माझीच शिसारी आली.

“काकू,” मी म्हणालो, “तुमचा पाय खाली नाही गेला. गाडी वर आलीय.”

त्यांनी वर बघितलं.

“मी चाकं बदलली. डॉक्टरांना सांगितलं नाही. डिस्क मावत नव्हती म्हणून मोठी घातली आणि टोप्या जुन्या लावल्या. गाडी बावीस मिलिमीटर वर उचलली गेलीय.”

“मला ते मिलिमीटर कळत नाही. बोटानं दाखव.”

मी माझं उजव्या हाताचं मधलं बोट आडवं धरलं. माझं बोट जाड आहे, कामाचं आहे. ते त्यांना दाखवलं. काकू त्या बोटाकडे बघत राहिल्या.

“म्हणजे माझा पाय तेवढाच जातोय?”

“तेवढाच. सकाळी फळीवरनं गेला तेवढाच.”

“नक्की?”

“टेप आणू काय? मोजून दाखवतो.”

त्यांनी मान वळवली आणि घरात हाक मारली, “अहो, फोन ठेवा.”

डॉक्टर बाहेर आले. मी त्यांनाही सांगितलं. मला वाटलं ओरडतील. तीस वर्षं लाथा मारणाऱ्या म्हशींना आवरलेला माणूस. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते खाली बसून चाकाच्या टोपीवर बोट फिरवत राहिले.

“जनावर बोलत नाही, सर्जेराव,” ते म्हणाले. “म्हणून आम्हांला त्याचं दुखणं हातानं शोधावं लागतं. मी तर बोललो होतो.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. “पण का ते सांगायचं होतंत डॉक्टर. सांगितलं असतंत तर...”

“मी सांगू दिलं नाही,” काकू म्हणाल्या. “माझा पाय म्हणजे काय गल्लीचा विषय आहे? आणि का ते कळल्याशिवाय माणसाचं ऐकायचं नाही, असं तुला कुणी शिकवलं?”

मी व्हरांड्याच्या कडेचा एक लाकडी ठोकळा उचलला, दारापाशी आणून ठेवला. “ह्याच्यावर पाय देऊन चढलात तर?”

“त्याच्यावर एका पायावर उभं राहून दुसरा उचलायचा? तोल जाईल माझा,” काकू म्हणाल्या, आणि आता त्या हसल्या. “ठेव तो जागेवर. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. बुधवार किती लांब आहे?”

“तीन दिवस.”

“मग इथं काय करतोस?”

पीरभाई रविवारी दुकान उघडत नसत. मी हेरल्ड घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आत जाऊन टोपी घातली आणि बाहेर आले. माझ्या शेजारी बसले आणि आम्ही दुकानाकडे निघालो. चौकात एक मारुती व्हॅन दिसली तशी त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

“थांब. ही बघ.”

“व्हॅन?”

“सकाळच्याला शाळंची पोरं कशात जात्यात? असल्याच व्हॅनमधनं. चौदा पोरं, चौदा दप्तरं, वर डबं. आणि उतारावर थांबतीच की न्हाई?”

“थांबते.”

“आणि चाकं किती इंची?”

मी व्हॅनच्या चाकाकडे बघितलं. बारा इंची. हेरल्डच्या चाकाहून एका इंचानं लहान. आणि त्या चाकाच्या पोटात डिस्क होती, कॅलिपर होता. चौदा पोरं थांबवणारा. उद्यमनगरातला सगळ्यात शहाणा ब्रेकवाला रोज सकाळी त्या गाड्यांना वाट देत होता आणि त्याला ते दिसलं नव्हतं.

“तू चांगली डिस्क म्हंजे मोठी डिस्क धरून बसलायस,” पीरभाई म्हणाले. “आधी चाक बघायचं. त्यात काय मावतंय ते बघायचं. मग त्यातलं चांगलं निवडायचं.”

रविवारी दुपारीच व्हॅनच्या नव्या डिस्कची आणि कॅलिपरची जोडी एका ओळखीच्या दुकानदाराला घरून उठवून आणली. डिस्कची भोकं हेरल्डच्या हबला, म्हणजे चाक बसतं त्या मधल्या गाभ्याला, जुळत नव्हती. पीरभाईंनी मधलं भोक लेथवर वाढवून घेतलं आणि चार नवी पाडली. कॅलिपर धरायला जाड पोलादी पट्टीचे दोन हात तयार केले. एक हात जरासा वाकडा आला तर मी म्हणालो, चालेल. पीरभाईंनी तो भंगारात टाकला आणि दुसरा केला. सोमवारचा अख्खा दिवस त्यात गेला.

मंगळवारी सकाळी मी कणीक न्यायला विसरलो. खरं तर विसरलो नव्हतो. मी डॉक्टरांच्या घरी गेलो आणि काकूंना म्हणालो, “थोडी कणीक पाहिजे. घट्ट.”

“कशाला?”

मी सांगितलं. त्यांनी परात मांडीवर घेतली आणि डाव्या हातानं कणीक मळली. उजव्या हातानं परात धरून ठेवायचा प्रयत्न करत होत्या. मला मदत करावी वाटत होती, पण डॉक्टरांचा तो पुढे येऊन परत जाणारा हात मला आठवला आणि मी बसून राहिलो.

“किती जाड यायला पाहिजे?” त्यांनी गोळा देताना विचारलं.

“तीन मिलिमीटर. म्हणजे... पोळीहून जाड, भाकरीहून पातळ.”

“मग ये सांगायला.”

जुनं तेरा इंची चाक बसवलं. फेरा दिला. पूर्ण फिरलं. चाक काढून कणीक सुरीनं कापली, कॅलिपरच्या चार जागांवरची. सगळ्यात पातळ तुकडा साडेतीनचा होता. मी तो तुकडा आगपेटीत घालून काकूंना नेऊन दाखवला. त्यांनी तो बोटांच्या चिमटीत धरून बघितला आणि म्हणाल्या, “जरा मीठ कमी पडलं असेल.”

दुपारी मी आणि पीरभाई जोतिबाच्या घाटात गेलो. मागच्या सीटवर लोखंडाचे तुकडे भरलेली दोन पोती ठेवली. चार वेळा वर गेलो आणि चार वेळा नुसत्या ब्रेकवर खाली आलो. शेवटच्या वेळी मी गाडी उभी करून डिस्कवर पाणी टाकलं. चर्र झालं, पण पेडल जागच्या जागी होतं. त्या दिवशी मात्र मी कुणापुढे बढाई मारली नाही.

बुधवारी सकाळी सातला मी त्यांच्या दारात हजर होतो. काकूंनी मोरपंखी इरकल नेसलं होतं. बहिणीसाठी घेतलेलं लुगडं डॉक्टरांनी मागे ठेवलं. दार उघडलं. काकूंनी काठी टेकवली, दाराची कड धरली आणि माझ्याकडे बघितलं.

“मोजलंस ना?”

“तीनदा.”

त्यांनी पाय उचलला. वहाणेचा तळ पट्टीला लागून सरकला, पण आदळला नाही. पाय आत गेला. त्या सीटवर बसल्या, डावा पाय आत घेतला आणि पदर नीट केला. डॉक्टर गाडीला वळसा घालून स्टेअरिंगकडे आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत होतो.

चौथ्या दिवशी दोघं परत आले आणि घरी जायच्या आधी माझ्या दुकानाशी थांबले. काकूंनी खिडकीतून कोकमाच्या सोलांची एक पुडी माझ्या हातात दिली.

“घाटात काय झालं?” मी डॉक्टरांना विचारलं.

“काही नाही,” ते म्हणाले. “देव आठवला नाही.”

“आणि जिजी?”

काकूंना हसू आवरेना. “मी दारात उतरले. पाय नीट बाहेर पडला. काठी घेऊन उभी राहिले. म्हटलं आता ही विचारणार. ती दारात कमरेवर हात ठेवून उभी. म्हणते कशी, ‘एवढो उशीर? वड्यांचा पीठ फुगान गेला.’ आणि गेली आत.”

“पायाबद्दल?”

“बघितलंच नाही रे तिनं,” काकू म्हणाल्या. “दुसऱ्या दिवशी म्हणाली, तुझी चाल जरा म्हातारी झाली गो. म्हटलं, झाले की आता म्हातारी.”

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तरी मला पुरली असती. पण दिवाळीनंतर एका सकाळी दुकानापुढं ओळखीचा हॉर्न वाजला. हेरल्ड उभी होती. काकू स्वतःच उतरल्या, काठी घेतली आणि चालत माझ्यापर्यंत आल्या. पाय अजून ओढत होत्या, पण कमी.

“ती मोठी चाकं विकलीस काय रे?”

“नाही काकू. माळ्यावर आहेत.” ती चाकं मला कुणाला द्यावीशी वाटली नव्हती. चूक डोळ्यांपुढे असावी म्हणून ठेवली होती.

“काढ. आणि लाव गाडीला.”

डॉक्टर मागून आले. “चाकं बदलायची नाहीत, असं मी म्हटलं होतं.”

“तुम्ही गप्प बसा. एकदाच चढणार आहे मी. मग त्याला परत काढू द्या.”

मी माळ्यावरून चारही चाकं काढली, धूळ पुसली आणि लावली. पीरभाई लेथ बंद करून दारात येऊन उभे राहिले. काकूंनी काठी माझ्याकडे दिली. दाराची कड धरली. उजवा पाय उचलला. तो थरथरत वर आला, पट्टीच्या वर गेला, तिथं क्षणभर थांबला आणि आत उतरला. पट्टीला लागलाच नाही.

त्या सीटवर बसल्या. समोरच्या काचेतून जरा वेळ रस्त्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “सर्जेराव, बोट दाखव तुझं.”

मी ते जाड मधलं बोट आडवं धरलं. काकूंनी उजवा हात मांडीवरून सावकाश उचलला आणि त्या हातानं ते बोट धरलं.

“एवढंच होतं होय,” त्या म्हणाल्या. “आठ महिने लागले बघ मला. आता काढ ही चाकं. मला माझी गाडीच बरी.”

मी खाली बसलो आणि पाना नटाला लावला. तो एकदा घसरला, परत लावला, परत घसरला. पीरभाई जवळ आले, माझ्या हातातून पाना काढून घेतला आणि म्हणाले, “आधी डोळं पूस जा. नट काय पळून जात न्हाईत.”